पकडणाऱ्याने लिहिलेले चरित्र

उमाजी नाईकांवर बोलणारा जवळपास प्रत्येक वक्ता, त्याला ठाऊक असो वा नसो, कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशच्या ओंजळीने पाणी पितो. मॅकिंटॉश हा उमाजींच्या पाठलागावर असलेला कंपनी सरकारचा अधिकारी. १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळ उत्रोळीत फितुरीमुळे उमाजी सापडले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत, त्यांना फाशी दिले गेले. १८३३ मध्ये मॅकिंटॉशचे पुस्तक मुंबईत छापून निघाले. प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवले होते असे सांगतात. ज्यांना धाक घालायचा होता ते वाचणारे नव्हते. त्यांच्यासाठी पिंपळ, साहेबलोकांसाठी पुस्तक.

पुस्तकाचे नावच मुळात बोलके आहे. रामोशी जमातीचा उगम व सद्यस्थिती, उमाजीच्या चरित्रासह. जमात आधी, आणि माणूस तिच्यासोबतचा एक पुरावा! एका माणसाने बंड केले एवढ्यावर हा लेखक थांबत नाही. बंडाचे मूळ तो जमातीत शोधायला निघतो. त्याच दशकात उत्तरेत स्लीमन ठगांबद्दल हेच करीत होता. या पुस्तकामुळे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला असे मी म्हणत नाही. पण जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा तो कायदा ज्या विचारातून निघाला, त्याची घडण अशा पुस्तकांतून दिसते. १९११ मध्ये तो कायदा देशभर लावता येईल असा केला गेला, १९५२ मध्ये रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

आमच्या गौरवकारांचे काय? उमाजींपुढे शिवाजी महाराजांचा आदर्श होता, हे मॅकिंटॉशचे म्हणून सांगितले जाणारे मत ते उचलतात, व्यासपीठावर टाळी घेतात आणि बाकीचे पुस्तक मिटून ठेवतात. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. छापील अक्षराचा, त्यातही इंग्रजी अक्षराचा धाक मला चांगला ठाऊक आहे. परंतु शत्रूने दिलेले प्रशस्तिपत्र छातीवर लावून फिरणे हाही त्या धाकाचाच प्रकार आहे.

खरा प्रश्न राखणीचा आहे. पुरंदर किल्ल्याची राखण रामोश्यांकडे होती. गावात चोरी झाली तर माग काढून देणे, नाहीतर भरपाई करणे ही त्यांची जबाबदारी. १८१८ नंतर किल्ले कंपनीकडे गेले आणि त्यावर पोसलेले हात रिकामे झाले. मग ज्यांनी ते रिकामे केले त्यांनीच त्यांना दरोडेखोर म्हटले. पुढे याच सरकारने उमाजींना माफी दिली, जमीन दिली, बंदोबस्ताचे काम दिले. म्हणजे ही माणसे कशासाठी उठली हे सरकारला कळत होते! तरी ते बंड पुन्हा पेटले आणि बक्षिसाची रक्कम वाढत गेली.

आणखी एक गोष्ट बोचते. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये बंड उभारले ते मुख्यतः रामोश्यांच्या बळावर. फडक्यांचे आत्मवृत्त व रोजनिशी त्यांच्या स्वतःच्या हातची होती. सरकारने ती जप्त केली, खटल्यात वापरली, पण शब्द त्यांचे राहिले. त्याच बंडात मे महिन्यात मारले गेलेले दौलतराव नाईक आपल्याला कोणाच्या शब्दांत भेटतात? पाठलाग करणाऱ्यांच्या कागदांत, नाहीतर फडक्यांच्या चरित्राच्या कडेला. लिहिता येणाऱ्याचे बंड क्रांती ठरते, न येणाऱ्याचे दरोडा. आपल्या इतिहासकारांनी या विषमतेची दखल घेतल्याचे मला फारसे आढळले नाही.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) इथे वेगळी उभी राहते. तिच्यात धान्य लुटले जाते ते माणसे उपाशी मरत आहेत म्हणून. लेखक मातंग वाड्यातला. त्याला नायकाचा उगम शोधावा लागत नाही, त्याला भूक माहीत आहे. कादंबरी काही ठिकाणी भडक होते, फकिरा जरा जास्तच निर्दोष रंगवला आहे, हे मान्य. पण मी वाचलेल्या उमाजींवरच्या लेखनात ही भूक मला क्वचितच भेटली. घोडा, तलवार आणि जयजयकार मात्र भरपूर भेटला.

पुरंदरकडून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना या वर्षी मी सांगितले आहे, मॅकिंटॉश जरूर वाचा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवून आणा, राखणीबद्दल गावाकडून आपल्याला काय मिळत होते आणि ते कधी बंद झाले.