स्मरणिकेतील शाळा

शाळेचा रौप्य वा सुवर्ण महोत्सव जवळ आला की एक स्मरणिका निघते आणि यथावकाश ती आमच्या टेबलावर येऊन पडते. अशा स्मरणिकांसाठी शुभेच्छांच्या चार ओळी आम्हीही वेळोवेळी लिहून दिल्या आहेत. तेव्हा पुढील टीकेतून आम्ही स्वतःस वगळलेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

स्मरणिका हा आपल्या समाजातील सर्वांत अधिक छापला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा वाङ्मयप्रकार असावा. आरंभी महागुरुस्वामींचा संदेश, मग प्रांताधिकाऱ्यांचा, मग आमदारसाहेबांचा. त्यानंतर ‘शाळेची वाटचाल’. पत्र्याच्या दोन खोल्या, मूठभर मुले, पुढे स्लॅब, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, शंभर टक्के निकाल. शेवटी जाहिराती: हळदीचे आडते, बी-बियाण्यांची दुकाने, कापडवाले. (खरे सांगायचे तर गावाचा खरा चेहरा आम्हाला या जाहिरातींतच दिसतो.)

या ‘वाटचाली’ची भाषा पाहावी. ‘इमारत उभी राहिली’, ‘वर्ग वाढविण्यात आले’, ‘जागा उपलब्ध झाली’. कोणी उभी केली, कोणासाठी वाढविले, याचा पत्ता नाही. जणू शाळा पावसाळ्यात उगवून आली! शाळा गावाबाहेर का उभी राहिली, तर जमीन तेथे स्वस्त होती आणि मजुरांची वस्तीही तेथेच होती. पुढे शहर सरकत सरकत शाळेपाशी आले, भूखंड पडले, उपनगर वसले. त्या बदलात पहिल्या बाकावरची मुले कोठे गेली, हा प्रश्न स्मरणिकेला पडत नाही. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ साली अनाथ मुलांच्या आश्रमातून सुरू झाली. वांद्रे त्या वेळी साष्टी बेटावरील एक गाव होते. पुढे ते मुंबईचे उपनगर झाले आणि शाळा हॉकीसाठी व निकालांसाठी नावाजली. हा विकासच आहे, त्यात शंका नाही. मात्र अशा विकासाचा इतिहास अनाथ मुलाच्या बाजूने लिहिला तर तो कसा दिसेल, हे कुतूहल आम्हास आहे.

स्मरणिकांमधील एका वाक्यापाशी मात्र आम्ही दर वेळी थबकतो: ‘पालकांच्या आग्रहास्तव इंग्रजी माध्यम सुरू करण्यात आले.’ एवढेच. इमारतीच्या कोनशिलेला दोन पाने आणि भाषेच्या बदलाला एक ओळ! हिंगोली परिसरात तरी ही काटकसर शोभत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. शिकून वर चढायचे तर घरची भाषा उंबऱ्याशी ठेवून जावे लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था याच वेदनेतून मोठ्या झाल्या. ज्यांच्या आजोबांनी हे सोसले त्यांच्या नातवंडांच्या शाळेने माध्यम बदलावे आणि त्याबद्दल एक परिच्छेदही लिहू नये?

पालक चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शेतमजुरी करणाऱ्या आईला इंग्रजीने कोणती दारे उघडतात ते आमच्यापेक्षा नीट ठाऊक आहे. आम्ही स्वतः धर्मगुरुविद्यालयात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतून शिकलो. पहिल्या धर्मग्रामात मोठ्या तयारीने प्रवचन केले, तेव्हा एक वृद्ध बाई दारापाशी थांबून म्हणाल्या, “फादर, लई चांगलं बोललात. पण कोणासंगं बोललात?” त्यानंतर मराठी आम्हास पुन्हा शिकावी लागली.

याच्या उलट एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईजवळच्या नंदाखालच्या मराठी शाळेत शिकले. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’चे संपादन केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातील, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते प्रभूघरी गेले. सारे श्रेय शाळेचे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु धर्मग्रामाच्या सावलीतील मराठी शाळेतून असा लेखक निघू शकला, ही घटना कोणत्याही संगणक कक्षाहून मोठी आहे. पुढचा दिब्रिटो कोणत्या वर्गात बसला आहे आणि हे त्रैमासिक त्याला वाचता येईल काय?

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात गरीब, कुटुंबाच्या आधारास मुकलेली आणि आपल्या श्रद्धेची नसलेली मुले यांचा विशेष उल्लेख केला. १९७७ साली, म्हणजे आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, रोमच्या शिक्षण विभागाने कॅथलिक शाळेवर पत्रक काढले. शाळा मुख्यतः सधनांकडे वळली तर ती अन्यायी समाजाला हातभार लावील, इतक्या स्पष्ट शब्दांचे ते आहे. संदेशांच्या पानांवर या दस्तऐवजांची नावे येतात. ‘वाटचाली’त त्यांचा मागमूस नसतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील ख्रिस्ती शाळांमध्ये सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्तीतर आहेत. आमच्याकडे तर वर्गात एखाददुसरेच मूल आपले. मग स्मरणिकेत त्यांच्या घरांचा आवाज का नाही? दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर लाल शाईने किती दिवस चालते आणि मग कधी थांबते, हे कोणी लिहिले आहे?

अपवाद एकच आठवतो. एका स्मरणिकेत शिपाईमामांचे अर्धे पान होते, कोणा शिक्षकाने सांगेल तसे उतरवून घेतलेले. पावसात पत्रा उडाला तेव्हा मुले घंटेखाली उभी राहिली आणि मामांनी घंटा वाजवलीच नाही, कारण वाजवली तर ती घरी गेली असती आणि घरावरचेही पत्रे उडाले होते. त्या अर्ध्या पानात शाळा होती.

येत्या महोत्सवासाठी एका मुख्याध्यापकांनी आमचा संदेश मागितला आहे. आम्ही तो अजून पाठविला नाही. पहिल्या पाच वर्षांचे हजेरीपट आधी पाहावयास द्या, असे त्यांना कळविले आहे. माळ्यावर शोधतो, असे त्यांचे उत्तर आले आहे.