एडिस्टन दीपगृह व ओकवृक्षाची उपमा

इंग्लंडमधील प्लिमथपुढील समुद्रात, एडिस्टन खडकावर जॉन स्मीटनने १७५९ साली बांधून पूर्ण केलेल्या दीपगृहास ओकवृक्षाची उपमा देण्याचा प्रघात आहे. ती स्वतः स्मीटनच्या १७९१ च्या ग्रंथातील असली, तरी अपुरी आहे. वृक्ष मुळांनी तग धरतो व वाऱ्यापुढे लवतो. दगडी मनोऱ्याचे तसे नाही. त्याचे स्थैर्य पायाशी रुंदावणाऱ्या आकारात जितके, तितकेच खाचांनी परस्परांत गुंतविलेल्या घडीव दगडांत, त्यांच्या भारात आणि पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्यात आहे. पुढे लाटांनी पोखरला तो खालचा खडक, बांधकाम नव्हे. १८८२ मध्ये शेजारी नवे दीपगृह उभे राहिले, जुन्याचा वरचा भाग प्लिमथला हलविला गेला. तळभाग मात्र खडकावरच राहिला. अभ्यासकाने उपमेपेक्षा या अवशेषाचा साक्षीपुरावा अधिक मानावा, हेच उचित होय.