मुद्दल एकाकडे, नजर दुसऱ्याकडे

जुन्नरच्या डोंगरांत देण्याघेण्याचे व्यवहार दगडात कोरून ठेवले आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले, इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये तिथल्याच मनमोडी डोंगरात मंडप उभारला. कोणी दिले, काय दिले, सगळे उघड. आदुथुम नावाच्या शक उपासकाने तर कोणाचिकच्या श्रेणीकडे जमिनीच्या उत्पन्नाची ठेव केली: करंजाची झाडे लावण्यासाठी 20 निवर्तने (जमिनीचे जुने माप), वडासाठी 9. देणारा एक, सांभाळणारा दुसरा, लाभ घेणारा तिसरा. एकाच मालमत्तेवरचे हक्क असे वेगळे करणाऱ्यांची समज विलक्षण होती.

बिटकॉइनची खातेवही या लेखांच्याच जातीची. कोणत्या पत्त्यावरून कुठे किती गेले, ते जगात कुणालाही वाचता येते. पण लेण्यांच्या दात्याने आपले नाव आपल्या हौसेने कोरवले होते. बिटकॉइनवाल्याचे नाव एकदा पत्त्याला चिकटले, की त्याची सगळी देवघेव त्याला न विचारता उघडी पडते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची पट्टी खिशात घालणारा शेतकरी आज किती मिळाले हे चारचौघांत सांगत नाही, आणि त्यात गैर काही नाही. एप्रिल 2014 मध्ये सुरू झालेल्या मोनेरो या डिजिटल नाण्याने हाच साधा हक्क मानला. खर्च होणारे नाणे आणखी 15 नाण्यांच्या घोळक्यात उभे राहते, घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा पत्ता तयार होतो, आणि 2017 पासून रक्कमही झाकलेली असते.

मला यात सर्वांत देखणी वाटते ती दोन किल्ल्यांची योजना. नाण्यावर कुणाचेच नाव नसल्यामुळे आपले कोणते हे शोधायला व्यवहारांच्या साखळीतला प्रत्येक ठोकळा (ब्लॉक) तपासावा लागतो. त्यासाठी पाहण्याची किल्ली. खर्च करायला दुसरी. या किल्ल्या जपणारे छोटे यंत्र म्हणजे हार्डवेअर वॉलेट. त्यातली चिप इवलीशी. एवढी तपासणी तिच्याने होत नाही. म्हणून लेजरसारखे यंत्र संगणकाला जोडले, की ते आधी विचारते: पाहण्याची किल्ली बाहेर देऊ का? होकार दिला, की शोधाशोध संगणक करतो. खर्चाची किल्ली मात्र यंत्राच्या पोटातून कधीच बाहेर येत नाही. सही आतच होते. कोणाचिकची ठेव श्रेणीच्या शब्दावर टिकायची, इथली फोड गणितावर टिकते. हीच पाहण्याची किल्ली आपल्या सीएलाही देता येते. तिने फक्त आलेले दिसते, गेलेले दाखवायचे तर जोडीला आणखी माहिती द्यावी लागते. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. तो चुकता करूनही माणूस आपला हिशेब शेजाऱ्यापासून खाजगी ठेवू शकतो.

या रचनेची दुखरी जागाही तीच. पाहण्याची किल्ली संगणकावर उतरली, म्हणजे तो संगणक ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची जमा कळणार. इथे टेल्सचे मोल समजते. ही संगणकप्रणाली पेन ड्राइव्हवरून चालते, इंटरनेटवरची सारी ये-जा टॉर या माग लपवणाऱ्या जाळ्यातून नेते, संगणकाच्या डिस्कला हात लावत नाही आणि बंद होताना मेमरी पुसून टाकते. किल्ली त्या बैठकीपुरती जगते. याची किंमत मोजावी लागते. फेदर हे मोनेरोचे वॉलेट टेल्समध्ये आयते नसते. ते उतरवून त्याची सही पडताळावी लागते. लेजर ओळखण्याची परवानगीसुद्धा टेल्स विसरते, ती पुन्हा द्यायची तर सुरुवातीच्याच पडद्यावर प्रशासकाचा पासवर्ड ठरवून घ्यावा लागतो. पहिली जमा कोणत्या ठोकळ्यानंतरची हे टिपून ठेवले नसेल, तर तपासणी संपता संपत नाही. अनेकांना ही कटकट वाटते. मला मात्र हे विसरणे फार प्रामाणिक वाटते: जे जपायला सांगितले नाही, ते जपलेच जात नाही. ज्याला सोय हवी त्याने वॉलेटची फाइल टेल्सच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवावी, पण मग त्या पेन ड्राइव्हलाही जपावे.

एवढे सगळे झाल्यावर शेवटी उरतो यंत्राचा बोटभर पडदा. त्यावर रक्कम येते, शुल्क येते, आणि 95 अक्षरांचा पत्ता तुकड्यातुकड्याने सरकत जातो. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर जे दिसते ते खोटे असू शकते. म्हणूनच हा छोटा पडदा. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून 18 जुलै 2024 रोजी 23 कोटी डॉलरहून अधिक गेले, तेव्हा सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होतीच. पडद्यावर दिसले एक आणि सही झाली भलत्यावरच, असे कंपनीने सांगितले. वॉलेटची व्यवस्था पाहणाऱ्या लिमिनलने दोष आपल्याकडे घेतला नाही. तो व्यवहार इथेरियमवरच्या गुंतागुंतीच्या कराराचा होता, डोळ्यांनी वाचून उमगणारा नव्हे. मोनेरोच्या साध्या पाठवणीत असा करार नसतो. कुणाला, किती, शुल्क काय, एवढेच असते आणि ते यंत्राच्या पडद्यावर सहज वाचता येते. माझ्या लेखी या यंत्राचा हाच मोठा गुण.

तेव्हा हे यंत्र घ्याल, तर किल्ल्या परत मिळवून देणारे त्याचे 24 शब्द कागदावर लिहा, त्यांचा फोटो काढू नका. आणि पत्ता सरकू लागला, की पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून बटण दाबू नका. सगळी 95 वाचा.