ऐकणाऱ्यांनी लांबवलेली गोष्ट : ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आणि लखनौची मैफल



एखादी अद्भुत कथा आवडली की तुम्ही ती वाचून गप्प बसत नाही. हॉस्टेलच्या खोलीत नाहीतर कँटीनमध्ये चौघे जमता. कोण मरायला नको होते, कोणाची जादू जास्त भारी, पुढच्या भागात काय होणार, यावर चहा गार होईपर्यंत वाद घालता. वर्गात साहित्याचा विचार करताना मात्र आपण दोघांनाच मोजतो : लेखक आणि वाचक. ते जमलेले चौघे हिशेबात येत नाहीत.

त्या चौघांना वगळले तर जिचे मूल्यमापन चुकते, अशी एक कथा या टिपणात आपण पाहणार आहोत. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हे तिचे नाव आणि लखनौ हे तिचे शहर. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मध्ये एखादी संज्ञा आमच्या विषयातली येईल. ती का आणली, हे तिथेच सांगेन.

कथा आणि तिचा विस्तार

अमीर हमजा या वीराच्या कथा फारसीतून भारतात आल्या. अकबराने त्यांची चित्रमय पोथी करवून घेतली, तिच्यात सुमारे १४०० चित्रे होती. पुढे या कथा उर्दूत आल्या आणि इथल्या मातीत वाढल्या. त्या वाढीतला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे ‘होशरुबा’. ‘तिलिस्म’ म्हणजे जादूगारांनी बांधलेले, स्वतःचे नियम असलेले मायावी जग. ‘होशरुबा’ म्हणजे भान हरपवणारे. या जगाचा बादशहा अफ्रासियाब. हमजाचा नातू असद याच्या हातून हे तिलिस्म तुटणार, असे विधिलिखित आहे. पण कथेचा खरा जीव आहे अमर अय्यार. वेषांतर, थापा आणि गुंगीचे औषध एवढ्या भांडवलावर तो मोठमोठ्या जादूगारांना लोळवतो. त्याच्याजवळ एक झोळी आहे, ‘जंबील’. तिच्यात काहीही मावते, आणि लोभी अमर तिच्यात काहीही भरतो.

ही कथा छापली लखनौच्या नवलकिशोर प्रेसने. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली काढलेला हा छापखाना त्या काळातल्या देशातल्या सर्वांत मोठ्या छापखान्यांपैकी एक होता. ‘होशरुबा’चा पहिला खंड १८८३ साली निघाला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, त्यापुढचे अहमद हुसेन कमर यांचे. १८९३ पर्यंत सात खंड पूर्ण झाले, तेव्हा पानांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली होती. आणि हा हमजाच्या समग्र दास्तानीचा केवळ एक भाग. प्रेसने काढलेली पूर्ण मालिका ४६ खंडांची आहे.

आठ हजार पाने म्हटल्यावर पहिली प्रतिक्रिया असते, ‘एवढे कशाला?’ आपल्या चर्चेची सुरुवात याच प्रश्नापासून करू.

मैफल : गोष्ट कोण लांबवतो?

जाह आणि कमर दोघेही दास्तानगो होते, म्हणजे जमलेल्या लोकांपुढे दास्तान सांगणारे. लखनौत ही कला नवाबांच्या महालात होती तशी चौकातही होती. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनौ’मध्ये जुन्या लखनौचे वर्णन केले आहे. तिथे ते दास्तानगोईची चार अंगे सांगतात : रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, हुस्न-ओ-इश्क म्हणजे सौंदर्य आणि प्रेम, आणि चौथे अय्यारी. अफूच्या शौकिनांना दास्तान विशेष प्रिय होती, अशीही नोंद ते करतात.

या कलेत एक कसब फार मानाचे होते : दास्तान ‘रोखणे’. कथा ऐन रंगात आणायची आणि तिथेच थांबवून धरायची. एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. प्रियकर प्रेयसीच्या दारापर्यंत पोचला आहे, मध्ये फक्त एक पडदा. सांगणाऱ्याने पडद्याचे, दाराचे आणि दोघांच्या मनातल्या घालमेलीचे वर्णन करत कित्येक दिवस काढले आणि पडदा काही उचलू दिला नाही. ऐकणारे मात्र रोज येत राहिले.

आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, लोकांना कशाचे कौतुक होते ते तिच्यातून कळते. श्रोत्यांना शेवट नको होता. शेवट झाला की मैफल मोडते. सांगणाऱ्यालाही तो नको होता, कारण त्याची मिळकत उद्याच्या बैठकीवर होती.

आता आमच्या विषयातली संज्ञा. यंत्रातून जे बाहेर पडते त्याची खबर परत यंत्राला मिळते आणि यंत्र त्याप्रमाणे वागते, त्याला आम्ही फीडबॅक म्हणतो. पाण्याची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होते, हा आवर घालणारा फीडबॅक. माइक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते आणि वाढतच जाते, हा चढवणारा फीडबॅक. ‘वाहवा, आणखी सांगा’ म्हणणारी मैफल दुसऱ्या प्रकारची. मग प्रश्न असा, की ती शिट्टीसारखी कर्कश कशी होत नाही?

उत्तर श्रोत्यांतच आहे. मैफलीत बसणारे मर्मज्ञ असत. त्यांची मागणी दुहेरी असे : तेच सांगा, पण नव्याने सांगा. आपल्याकडच्या तमाशातली गवळण आठवा. कृष्ण वाट अडवणार, पेंद्या मध्येच तोंड घालणार, मावशी फणकारणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरी लोक बसतात, कारण आजची मावशी कोणते उत्तर देते ते ऐकायचे असते. ‘होशरुबा’त अमर वेषांतर करून जादूगाराला फसवणार हेही सर्वांना ठाऊक असते. अफ्रासियाबाजवळ तर सर्व काही सांगणारे सामरीचे पुस्तक आहे. ते उघडले की शत्रू कुठे आहे ते कळते, तरीही तो फसतो. कसा फसतो, एवढ्यातच सगळी गंमत.

पानांवर उरलेले श्रोते

म्हणून ‘होशरुबा’ वाचताना कादंबरीची पट्टी लावू नका. पुनरुक्ती दिसली की तो लेखकाचा आळस, असे ठरवण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा. एक उदाहरण घेऊ. कोणताही जादूगार मेला की अंधार पसरतो, भयंकर आवाज उठतात आणि मेलेल्याचे नाव पुकारले जाते. पुस्तकात हे पन्नासाव्यांदा आले की डोळे पुढे सरकतात. मैफलीत मात्र ही खूण आहे : एक डाव संपला, दाद द्या, हुक्क्याचा झुरका घ्या. कीर्तनात बुवा ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर करतात तेव्हा कथा पुढे सरकत नाही, पण बसलेले सगळे एका ठिकाणी येतात. तसेच हे.

दुसरी खूण लेखकांच्या भांडणाची. कमर आपल्या खंडांत स्वतःची थोरवी गातात आणि आधीच्या जाहांना टोमणे मारतात. छापील कथेत याचे काय काम? पण दोघांनाही ऐकलेले, दोघांची तुलना करणारे लोक समोर आहेत असे धरले, तर हे टोमणे कलगी-तुऱ्याच्या सामन्यातल्या सवाल-जबाबासारखे वाटतात. पुस्तक छापले गेले तरी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढून मैफल उठलेली नव्हती.

दास्तान ही तोंडी सांगण्याची कला आहे आणि तिला तिचेच नियम लावले पाहिजेत, हे उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारुकी यांनी मोठ्या अभ्यासाने मांडले. मला त्यांच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते. सांगणाऱ्याचे नियम पाहिले तसे ऐकणाऱ्यांचेही पाहा. ‘आणखी’ आणि ‘नवे’ या दोन मागण्यांचा तोल जिथे राहतो तिथे ‘होशरुबा’ झळाळते. बहार नावाची जादूगारीण रणात वसंत उभा करते आणि शत्रूचे सैनिक फुलांच्या धुंदीत तिच्यावर भाळून वेडे होतात, असे प्रसंग युद्धाची सगळी ठरीव वर्णने उलटी करून टाकतात. जिथे ‘आणखी’ने ‘नवे’वर मात केली, तिथे मात्र सैन्यामागून सैन्य येते आणि वाचक थकतो. ही खरी उणीव, आणि ती नुसत्या लांबीची नाही.

तंबाखूचे दुकान आणि १९३६ चे भाषण

छापखान्याने मैफल मोडली का? काही अंशी. पुस्तकाला ‘वाहवा’ ऐकू येत नाही. पण लोक एकत्र यायचे थांबले नाहीत. गोरखपूरमध्ये एका तंबाखूच्या दुकानात ‘होशरुबा’ची गोष्ट चाले आणि एक शाळकरी मुलगा ती ऐकायला बसे. पुढे त्याने एका पुस्तकविक्रेत्याशी सौदा केला : दुकानातली गाइडे शाळेतल्या मुलांना विकायची आणि मोबदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. त्या वाचनातही ‘होशरुबा’ होते. हा मुलगा म्हणजे प्रेमचंद. पुस्तकांच्या या वेडाची हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे ते लखनौला ‘माधुरी’ मासिकाचे संपादक झाले, आणि योगायोग असा की ते मासिक नवलकिशोर प्रेसचेच होते.

एप्रिल १९३६ मध्ये याच लखनौत प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते प्रेमचंद. भाषणात त्यांनी जुन्या साहित्यावर आरोप ठेवला, की ते तिलिस्म बांधत बसले, लोकांची करमणूक आणि नवलाची हौस एवढेच त्याचे काम होते, आणि जीवनाशी त्याला देणेघेणे नव्हते. या संदर्भात त्यांनी ‘फसाना-ए-अजायब’ आणि ‘चंद्रकांता संतती’ यांची नावेही घेतली.

हा आरोप आपण गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण करणाऱ्याला आतली चव माहीत होती. माझ्या मते तो अर्धा खरा आहे.

खरा कुठे? मैफल आपल्या आवडीबरोबर आपले पूर्वग्रहही सांगणाऱ्याच्या पदरात टाकते. ‘होशरुबा’त हरलेल्या जादूगारापुढे दोनच वाटा असतात, हमजाचा धर्म स्वीकारणे किंवा मरणे. हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि कथेत त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. ‘लोकांना हेच आवडते’ हा फीडबॅक कलावंताला कुशल करतो, पण लोकांना न आवडणारे काही बोलण्याचे बळ देत नाही. ते बळ प्रेमचंदांना हवे होते. ‘कफन’सारखी कथा कोणत्याही मैफलीने मागून घेतली नसती.

अपुरा कुठे? त्या आरोपात ऐकणारा म्हणजे झोपाळलेला माणूस ठरतो. पडद्यापाशी कित्येक दिवस रोखून धरलेली कथा ऐकणारा झोपाळू कसा असेल? तो प्रत्येक वर्णन कालच्याशी ताडून पाहतो आहे. चौकातल्या आणि दुकानातल्या साध्या माणसांना भाषेची ही पारख कोणत्याही विद्यापीठाने दिली नव्हती, एकत्र बसून ऐकण्याने दिली होती. लोकांना समजेल, रुचेल अशी भाषा हे प्रेमचंदांचे मोठे बळ मानले जाते. त्या भाषेचे कान कुठे तयार झाले, याच्या यादीत तंबाखूचे दुकान यायला हवे.

आजच्या मैफली

दिल्लीचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ही परंपरा खुंटली. २००५ मध्ये दिल्लीत दास्तानगोई पुन्हा मंचावर आली, आता ती अनेक शहरांत ऐकायला मिळते. तुमच्या मैफली मात्र वेगळ्या आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०१९ मध्ये संपली तेव्हा शेवटचा सीझन पुन्हा बनवा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. काहीच बदलले नाही. लखनौच्या चौकात एका श्रोत्याने नाक मुरडले तरी सांगणाऱ्याला वळण घ्यावे लागत असे. आता मैफल प्रचंड आहे, पण सांगणारा समोर बसलेला नाही. त्या अर्थाने तुम्ही चौकापेक्षा गोरखपूरच्या दुकानाच्या जवळ आहात.

म्हणून कमीपणा मानू नका. आवडत्या कथेवर तासन्तास बोलणे म्हणजे वेळ दवडणे असे कोणी म्हटले, तर त्या बोलण्यात काय चालते ते आधी तपासा. ‘आणखी हवे’ एवढेच चालत असेल, तर प्रेमचंदांचा आरोप तुम्हाला लागू आहे. ‘हे आधीही झाले होते, या वेळी नवे काय?’ आणि ‘हे आपल्याला का आवडते, आवडावे का?’ हेही विचारले जात असेल, तर तुम्ही समीक्षाच करत आहात.

विचारासाठी

१. तुमच्या आवडत्या दीर्घ कथेतला एक पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग निवडा. प्रत्येक वेळी त्यात काय बदलले आणि कुठे काहीच बदलले नाही, ते लिहून काढा.

२. तुमच्या भागात पोथीवाचन, कीर्तन किंवा तमाशा होत असेल तर एकदा कथेकडे न पाहता श्रोत्यांकडे पाहा. ते कुठे दाद देतात आणि त्यानंतर सांगणारा काय करतो, याची नोंद करा.

३. प्रेमचंदांचा आरोप आजच्या एखाद्या लोकप्रिय अद्भुतकथेला लावून पाहा. तो कुठे टिकतो आणि कुठे टिकत नाही, हे चौघांत बसून ठरवा.