मौन आणि अर्ज

परीक्षणाला कोणी कादंबरी घेतो, कोणी काव्यसंग्रह. मी घेतला आहे एक सरकारी आदेश: 28 मार्च 1962 चा, गोवा, दमण व दीव येथील नागरिकत्वाविषयीचा. मजकूर अगदी थोडका. पण माणूस कोणाचा, या प्रश्नाला इतक्या थोड्या शब्दांत भिडणारे गद्य माझ्या वाचनात फारसे नाही.

आदेश म्हणतो: 20 डिसेंबर 1961 पूर्वी जो स्वतः या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजाआजींपैकी कोणीही एक तेथे जन्मले, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असे मानले जाईल. यातली ‘आजी’ वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये. 1955 च्या मूळ कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते केवळ बापाकडून. आईची गणना व्हायला 1992 साल उजाडावे लागले. खुद्द गोव्याच्या गावकरीतही हक्क चालत आला तो पुरुषवंशानेच. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस गावचा खरा, पण गावकार नव्हे.

राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व यांतला भेद मला ग्रंथांपेक्षा या गावकरीनेच अधिक समजावला. गावाबाहेर दोघेही त्याच गावचे. गावात मात्र हक्क एकाचे. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली जवळपास असेच सांगितले: राष्ट्रीयत्व हे राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याच्या दृष्टीने पाहायचे नाते, नागरिकत्व हे देशातल्या कायद्याचे.

आदेशाचा गाभा मात्र त्याच्या परंतुकात आहे. ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व किंवा राष्ट्रीयत्व राखायचे असेल, त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. म्हणजे जो गप्प राहील तो भारतीय, जो लिहील तो परका! मौनाचे अर्थ अनेक असतात. त्यात आनंद असेल, उदासीनता असेल, किंवा आदेश कानावरच आला नसेल. कायद्याने त्यांतला एकच अर्थ घेतला. प्रथम वाचताना मला ही जबरदस्ती वाटली होती. आता वाटत नाही. 2019 साली आसामात कागद दाखवून नागरिकत्व सिद्ध करण्याचे ओझे माणसांवर पडले, आणि अंतिम यादीबाहेर सुमारे 19 लाख राहिले. त्यापुढे गोव्याचा आदेश उदार वाटतो.

तरीही लिहून देणाऱ्याचे काय झाले, हे पाहिल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. राहण्याचा परवाना 13 नोव्हेंबर 1964 ला संपला. त्यांनी तो वाढवून घेतला नाही आणि गोवाही सोडला नाही. तीस दिवसांची कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे, हा त्यांचा युक्तिवाद. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 1969 साली तो फेटाळला: प्रदेश भारतात विलीन झाला तेथेच व्याप्ती संपली. निकाल मला तर्काला धरून वाटतो. पण आदेशाने ‘निवड’ देऊ केली होती, आणि निवडणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीविषयी तो अवाक्षर बोलत नाही. ही उणीव न्यायालयाची नव्हे, लेखकाची आहे.

आणखी एक गोष्ट आदेशकर्त्याला दिसली नसावी. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते 31 डिसेंबर 1974 च्या करारात. आपल्या जुन्या प्रजेवरचा हात मात्र काढून घेतला नाही. 1962 मध्ये गप्प राहिलेला म्हातारा लिस्बनच्या वहीत पोर्तुगीजच राहू शकला. आता नातू तेथे त्याच्या जन्माची नोंद करतो, मग स्वतःची, आणि म्हणतो, मी नवे काही घेतले नाही, होते तेच लिहवून घेतले. आपल्या कायद्याचे नववे कलम स्वेच्छेने परके नागरिकत्व ‘संपादन’ करणाऱ्याचे भारतीयत्व संपवते. आजोबांनी काहीच लिहिले नव्हते. नातवाच्या सहीला संपादन म्हणायचे की नुसती नोंद, यावर त्याचे घर, मत आणि गावातले स्थान अडून राहते.