संगीत महोत्सवांचे वाढते आकर्षण : श्रोत्याच्या घडणीचा प्रश्न

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात संगीत महोत्सवांचे स्थान उत्तरोत्तर बळावत आहे. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाची परंपरा १९५३ पासूनची आहे. २००७ मध्ये गोव्यात ‘सनबर्न’, तर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांसाठी तरुणाईची झुंबड उडाली. या आकर्षणाचे मोजमाप सामान्यतः गर्दीवरून केले जाते. महोत्सव कोणता श्रोता घडवितो, हा निकष मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात याच निकषावर दोन भिन्न प्रकृतीच्या उत्सवांचा विचार केला आहे.

सवाई गंधर्व महोत्सव : लाभ आणि हानी
रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये निधन झाले. त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी गुरुस्मरणार्थ हा महोत्सव आरंभिला. दरबारी व खाजगी बैठकीत वाढलेले संगीत येथे हजारोंच्या मंडपात आले. भारतीय बैठकीवर बसलेल्या विद्यार्थ्यासही थोर कलावंत ऐकावयास मिळाला, हे या उत्सवाचे लोकशाही स्वरूपाचे कार्य होय.

तथापि, ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी उघड्या मंडपातील ध्वनिक्षेपकांवर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निर्बंध आणले. राज्य शासनास वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. परंतु रात्रभर चालणारी मैफल संपुष्टात आली. दरबारी कानड्याचा मध्यरात्रीचा अवकाश आणि जागरणानंतर उगवणारा ललित श्रोत्यांना पारखा झाला. त्याच वेळी सत्रे दुपारी सुरू होऊ लागल्याने भीमपलास, मुलतानी यांसारख्या रागांना त्यांच्या समयी व्यासपीठ लाभले. सबब, केवळ ऱ्हासाचे गाऱ्हाणे गाणे एकांगी ठरेल. अधिक चिंतेची बाब निराळी आहे. अनेक कलावंतांना नेमून दिलेल्या वेळेत विलंबित ख्यालाची सावकाश बढत आक्रसते आणि टाळीचे गायन पुढे येते. मंडप भरलेला दिसतो, परंतु श्रवणाचा धीर उणावतो.

वऱ्हाडचा संदर्भ :
डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० मध्ये अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्यांच्या नावाचा ‘वसंतोत्सव’ मात्र पुण्यात नावारूपास आला. महोत्सवाचे आकर्षण प्रायोजक, सभागृहे आणि तिकीट घेऊ शकणारा वर्ग जेथे आहे तेथे केंद्रित होते, हे यावरून ध्यानी येते.

म्हणून वऱ्हाड उत्सवशून्य आहे काय? नांदगाव पेठ ओलांडून नागपूरच्या दिशेने गेल्यास त्याच महामार्गावर तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निर्वाण झाले. अश्विन वद्य पंचमीच्या त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवास गावोगावचे गुरुदेवभक्त जमतात आणि खंजिरीवर भजने रंगतात. तेथे रागाची बढत शोधू नये. तो त्या परंपरेचा हेतूच नव्हे. परंतु तेथे येणारा पुष्कळसा श्रोता स्वतः गाणारा असतो. उत्सव आटोपल्यावरही त्याच्या गावी सामुदायिक प्रार्थना आणि भजन चालूच राहते. येथे उत्सव हा वर्षभराच्या साधनेचा कळस असतो, तिचा पर्याय नव्हे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ज्या उत्सवामागे नित्याचे श्रवण वा गायन उभे असते, तोच समाजाची अभिरुची घडवितो. इतर उत्सव अनुभवाची विक्री करतात. त्यातील आनंद खोटा नसतो, अल्पजीवी मात्र असतो.

हा प्रश्न महाविद्यालयांसही लागू आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी चार विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यावयाची आणि पारितोषिकानंतर पेटी-तबला कपाटात ठेवावयाचा, ही रीत सार्वत्रिक झाली आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक तास ध्वनिमुद्रित रागसंगीताचे सामूहिक श्रवण आणि परिसरातील भजनी मंडळांचा विद्यार्थ्यांशी संवाद, एवढे अल्प खर्चात साध्य होण्याजोगे आहे. महाविद्यालयांनी हे केले नाही, तर येथील विद्यार्थी महोत्सवाच्या जाहिराती ओळखील. परंतु आपल्याच मूर्तिजापुरात जन्मलेला गायक त्यास अपरिचित राहील.