शेतात सोयाबीन, कवितेत जोंधळा

१९९५ साली परभणीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. त्यांच्या १९६६ मधील कवितासंग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ असे आहे, आणि हे विद्यापीठ म्हणजे मुंबईचा रस्ता व गिरणगाव, हे मराठी वाचकास सांगावयास नको. अशा कवीला मान देणाऱ्या याच महाराष्ट्रात आता मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात ‘सर्जनशील लेखना’ला जागा मिळू लागली आहे. कविता वर्गात शिकवून लिहिता येते काय, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे.

‘कवी जन्मावा लागतो’ हे आपल्याकडील ठरलेले उत्तर. त्याच्या पुष्टीसाठी परभणीकर बी. रघुनाथांकडे बोट दाखविता येईल. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, निजामी राजवटीतील कारकुनी आणि अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य. तरी त्यांनी कविता, कथा, कादंबरी या तिन्ही क्षेत्रांत स्वतःची वाट पाडली. परंतु हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. शेतीही जन्माने येते असेच आपण मानत होतो. तरी शेतकऱ्याच्या मुलांना शेती शिकविण्यासाठी १९७२ मध्ये याच परभणीत कृषी विद्यापीठ निघाले, आणि त्यात कुणाला विपरीत वाटले नाही. फादर स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले. परक्या भाषेतील ओवी कानाने आणि अभ्यासाने आत्मसात करून त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. तेव्हा रचना शिकता येते, याविषयी निदान आपल्या घरांत तरी शंका नसावी.

अडचण निराळीच आहे, आणि ती ‘रसग्रहण’ या शब्दात दडलेली आहे. शाळेपासून आपली मुले कवितेकडे रसग्रहणाच्या प्रश्नातून पाहतात. कवीचे नाव, मध्यवर्ती कल्पना, अलंकार, मिळणारा संदेश अशा ठरलेल्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीस ठरलेले गुण. गाईडात उत्तर तयार असते. अशा शिक्षणातून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती लेखणी दिली की तो कविता लिहीत नाही. ज्या कवितेचे रसग्रहण चांगले होईल असा मजकूर तो लिहितो. आधी संदेश ठरतो, मग त्याला साजेशी प्रतिमा शोधली जाते, आणि शेवटच्या ओळीत डोळे पाणावतात.

उदाहरणादाखल परभणी तालुक्यातील झरीची एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. ती एस.टी.ने परभणीस येते, मराठी घेऊन बी.ए. करते. तिला ‘माझे गाव’ या विषयावर कविता लिहावयास सांगितले, तर बहुधा काय येईल? कोरडी विहीर, भेगाळलेली जमीन, तिफण हाकणारा बाप, जोंधळ्याचे कणीस. सगळे खरेच आहे, पण कुणाचे खरे? गेल्या काही दशकांत मराठवाड्याच्या काळ्या रानात सोयाबीन पसरले आहे. पेरणी पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने होते. बियाण्याची बॅग, तणनाशकाची फवारणी, आडतीवरचा भाव, मोबाईलवर पाहिलेला पावसाचा अंदाज, हे तिच्या घरातले रोजचे बोलणे. मग कवितेत तिफण आली कुठून? ती पाठ्यपुस्तकातून आली.

यात दोष चांगल्या कवीचाही असतो, असे म्हटले तर विचित्र वाटेल. इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह १९८९ मध्ये आला. शेतकरी घरातील बोली, त्या बोलीची लय आणि कामाची नेमकी नावे त्यांनी कवितेत आणली, ती पाहुण्याच्या कौतुकाने नव्हे तर घरच्या माणसाच्या अधिकाराने. त्याआधीच्या निसर्गरम्य खेड्याच्या कवितेला तो सरळ छेद होता. पण जे एका पिढीत शोध म्हणून आले, ते पुढच्या पिढीत साचा म्हणून उतरले. आज महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत ‘बाप’ या शीर्षकाच्या कवितांचे पीक मोजता येऊ नये इतके आहे. (आईचे पीक त्याहून मोठे!) त्यातील बाप बहुतेक एकच असतो: अबोल, कष्टाळू, फाटक्या धोतराचा. त्याला राग येत नाही, तो कधी चुकत नाही आणि पोरीच्या शिक्षणाला विरोधही करीत नाही. तो माणूस राहिलेला नसून संदेश झालेला आहे.

म्हणून लेखनाच्या वर्गाचे पहिले काम प्रतिभा जागविण्याचे नव्हे, चौकशीचे आहे. नक्षत्र कोणते? मृग की आर्द्रा? चाड्यावर मूठ कोणी धरली होती, आणि ते तू पाहिलेस की ऐकलेस? ऐकले असेल तर आजीने सांगितले, तिच्याच शब्दांत लिही. कविता मोठ्याने वाचावी, लिहिणाऱ्याने गप्प बसावे, इतरांनी कुठे कान अडखळला ते सांगावे. ‘छान आहे’ हा शेरा वर्गात बंद करावा. कवितेचा दुसरा खर्डा मागावा आणि तिसराही. आपल्याकडे खोडणे हे अपयश समजले जाते. सुताराने रंधा मारल्यावर पडणाऱ्या ढलप्यांना मात्र कुणी अपयश म्हणत नाही.

आणि वाचन. १९७२ चा ‘गोलपिठा’ घ्यावा. नामदेव ढसाळांच्या त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. ढसाळांनी ते शब्द बदलले नाहीत, हा धडा झरीच्या मुलीच्या थेट उपयोगाचा आहे. ‘आडत’ हा शब्द काव्यमय नाही म्हणून गाळू नये, हे तिला त्यातून कळेल. अनुराधा पाटील मराठवाड्यात राहूनच लिहितात. ‘कदाचित अजूनही’ या संग्रहासाठी त्यांना २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाईचे दुःख हंबरडा न फोडता मंद आवाजात कसे मांडता येते, हे तेथे शिकावे. अरुण कोलटकर वाचावेत, कारण त्यांची नजर आधी वस्तूवर टिकते. अर्थाची त्यांना घाई नसते.

एक गोष्ट मात्र अभ्यासमंडळांनी सोडविलेली दिसत नाही, आणि ती म्हणजे गुणदान. वर्षअखेरीस या कवितांना गुण द्यावयाचे आहेत. परीक्षकही त्याच रसग्रहणाच्या शाळेत शिकलेला. त्याच्यासमोर दोन वह्या येतील. एकीत जोंधळ्याच्या कणसावर टिपूर चांदणे आणि भेगाळल्या भुईचा हुंदका. दुसरीत आडतीवर सोयाबीनचे माप चाललेले, बापाची नजर काट्यावर, आणि तो व्यापाऱ्याशी खोटे बोलतो आहे, हे पाहणारी मुलगी. दुसऱ्या वहीत अलंकार नाही, संदेशही नाही. तिला किती गुण द्यायचे, हे आधी परीक्षकाला शिकवावे लागेल.